रीत कोणाची, वावर कोणाचं?



सगा भावांनो, आयाबहिणींनो, हे लिखाण काहींना कडू लागेल. लागू द्या. तोंडावर बोलले असते तर सभा मोडली असती, म्हणून कागदावर लिहिते.

दिवाळीनंतर आम्ही दोघं-तिघं कार्यकर्ते जंगलाकडच्या एका गावात वनहक्काचे जुने अर्ज तपासायला बसलो होतो. वैयक्तिक दाव्याचा नमुना तुम्ही सर्वांनी पाहिला आहे. पहिल्या रकान्यात दावेदाराचं नाव, दुसऱ्यात पती किंवा पत्नीचं नाव. गठ्ठा सोडला तर एकामागून एक अर्ज असे की पहिला रकाना भरलेला आणि दुसरा कोरा. मी विचारलं, हे काहून सोडलं? समितीतले एक वडीलधारे काका म्हणाले, "बाई, आपल्या रीतीत बाईच्या नावानं वावर नसते. सरकारले काय समजते आपली रीत?" बाकीच्यांनी माना हलवल्या.

काकांची बायको भिंतीला टेकून बसली होती. हीच काकू एकदा जंगलखात्याच्या माणसांनी नांगर उचलून नेला तेव्हा गाडीसमोर आडवी झोपली होती, हे सगळं गाव सांगते. ती काही बोलली नाही. उठली आणि शेळ्या सोडायला गेली.

तेव्हापासून हा 'रीत' शब्द माझ्या डोक्यातून जात नाही.

मी अल्लीपूरची. आमचं गाव हिंगणघाट तालुक्यातलं, कापूस-सोयाबीनचं. जंगल इथून दिसत नाही. माझा आजा समुद्रपूरकडच्या जंगलपट्ट्यातून मजुरीला इकडे आला आणि इथेच राहिला. आमच्या घरात गोंडी आजीपर्यंतच टिकली. मला समजते, बोलायला गेलं की अडखळते. त्यामुळे कोणी म्हणेल, बारावी शिकलेल्या ह्या पोट्टीले रीत काय माहीत! बरोबर आहे. म्हणूनच मी विचारत फिरले. आजीला विचारलं, भुमकाला विचारलं, लग्नात गाणी म्हणणाऱ्या बुढ्यांना विचारलं. जे ऐकलं ते मांडते.

आधी आपली मुळाची गोष्ट घ्या. ती प्रत्येक गावात थोडी वेगळी सांगतात, पण आमची आजी कापूस वेचता वेचता सांगायची ती अशी. कली कंकालीची पोरं बेवारस, उपाशी. जंगो रायताडने त्यांना जवळ केलं, खाऊ घातलं. पोरं भारी दांडगी, म्हणून शंभूने त्यांना गुहेत कोंडलं आणि तोंडावर मोठा धोंडा लावला. आत पोरं रडतात, बाहेर माय रडते. मग पहांदी पारी कुपार लिंगो आला, सोबत वाजवणारा हिरासुका पाटालीर. धोंडा सरकला, पण हिरासुका त्याच्याखाली दबून मेला. पोरं बाहेर आली. त्यांनाच लिंगोने सगा वाटून दिले, कोणाला चार देव, कोणाला पाच, कोणाला सहा, कोणाला सात. त्यांच्यापासून आपण. ती गुहा म्हणजे गोंदिया जिल्ह्यात सालेकसा तालुक्यातलं कचारगड. माघ पौर्णिमेला तिथे किती राज्यांतून माणसं येतात ते तुम्ही पाहिलं आहे.

आता ह्या गोष्टीत बघा. ती पोरं कोणाची म्हणून ओळखली जातात? कंकालीची. आमची आजी त्यांच्या बापाचं नाव सांगतच नव्हती. त्यांना वाचवलं, वाढवलं कोणी? जंगोने. लिंगोने नियम दिले हे खरं, पण नियम लागू करायला माणसं जिवंत राहिली ती एका बाईमुळे. जत्रेत आपण हात वर करून 'जय जंगो, जय लिंगो' म्हणतो. अर्ज भरायची वेळ आली की जंगोचा रकाना कोरा ठेवतो.

तिकडे महाराष्ट्र-तेलंगणाच्या सीमेवर, जिवतीच्या डोंगरात, जंगुबाईचं ठाणं आहे. पौष महिन्यात दोन्ही राज्यांतले गोंड तिथे चालत जातात. आपल्या शिवेवर बसलेली मातामाय पण बाईच. गावाची राखण बाईकडे, रोगराई आली की नवस बाईला. मग गावातल्या एक एकर वावराचीच राखण तिच्या नावाने काहून चालत नाही?

काका म्हणतील, देवाचं वेगळं अन् माणसाचं वेगळं. बरं, माणसाचं घेऊ.

चंद्रपूरला बीरशहाची समाधी आहे, ती राणी हिराईने बांधली. नवरा गेल्यावर राज्याचा कारभार तिने पाहिला. गढा-मंडल्याची दुर्गावती 1564 मध्ये मोगलांशी लढता लढता मेली. 'त्या राण्या होत्या,' म्हणाल. मग 1930 चा जंगल सत्याग्रह आठवा. तेव्हा वर्धा आणि सिवनी एकाच मध्यप्रांतात होते. सिवनी जिल्ह्यातल्या तुरिया गावात लोक सरकारी जंगलातलं गवत कापायला गेले आणि पोलिसांनी गोळ्या घातल्या. चार जण मेले. मुड्डोबाई, रैनोबाई, देभोबाई आणि बिरजू गोंड. मोजा, तीन बायका, एक पुरुष. गोळी खाताना 'आपल्या रीतीत बाई पुढे नसते' असं कोणी म्हटलं नाही. आजही मोर्चात तेच होते. समोर बायका, कारण पोलीस बायकांवर लवकर हात टाकत नाहीत असा आपला हिशोब. चर्चेला आत गेलेलं शिष्टमंडळ मात्र बघा, त्यात कोण असते?

आता काकांचा खरा मुद्दा. तो हलका नाही, म्हणून त्याला नीट उत्तर देते.

मुद्दा असा. पोरगी लग्न झाली की नवऱ्याच्या देवात जाते. सहा देवाची पोरगी सात देवाच्या घरी गेली की ती सात देवाची झाली. मग तिला माहेरचं वावर दिलं तर ते दुसऱ्या देवात गेलं. हे ऐकायला पक्कं वाटते. मीही बराच काळ मानत होते. पण माझ्या आत्याचं काय झालं ते पाहिलं आणि यातली गोम कळली.

आत्या जंगलाकडच्या गावात दिलेली. तिने आणि मामाजींनी मिळून जंगलाच्या कडेची जमीन काढली. दगड वेचले, खुटं उपटली, धुरे बांधले. माझा जन्म व्हायच्याही आधीची गोष्ट, म्हणजे कायद्याने ठरवलेल्या 13 डिसेंबर 2005 च्या कितीतरी आधीची. मामाजी साप चावून गेले. दीर म्हणाला, माझ्या घरी बस. आपल्यात धाकट्या दिरासंग पाट लावायची चाल आहे, ती मला वाईट वाटत नाही, विधवेला आयुष्यभर कोपऱ्यात बसवणाऱ्या लोकांपेक्षा आपली चाल चांगलीच. पण पाट बाईच्या मर्जीने असतो. आत्या नाही म्हणाली. झालं! दुसऱ्या पावसाळ्यात दिराने वावरात औत घातलं. वनहक्काचा दावाही त्याने एकट्याच्या नावाने टाकला. आत्या पंचांकडे गेली तर पंच काय म्हणाले? "तू बाहेरून आलेली, तुझा काय हक्क?"

थांबा इथे जरा. माहेरी म्हणता, तू आता दुसऱ्या देवाची. सासरी नवरा मेला की म्हणता, तू बाहेरून आलेली. मग बाई कोणत्या देवाची? मेल्यावर तिची माती कोणत्या देवात मिळते ते भुमकाला विचारा. नवऱ्याच्या. म्हणजे मेल्यावर ती तुमची आणि जिवंत असताना परकी. ही रीत नाही, हा वावराचा हिशोब आहे. त्याला पेनाचं नाव लावू नका.

आत्या ह्या वर्षीही अल्लीपूरच्या शिवारात लोकांचा कापूस वेचून गेली. स्वतः काढलेल्या वावरापासून इतक्या दूर! मधल्या काळात तिच्याबद्दल 'करणी करते' अशी कुजबूजही सुरू झाली होती. एकट्या बाईवर ही आळ कधी येते ते नीट बघा. तिच्याजवळ काही घेण्यासारखं असते तेव्हा. 2013 पासून महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आहे, आळ घेणाऱ्याला जेल होऊ शकते. हे गावात मोठ्याने सांगितल्यावर कुजबूज बंद झाली.

आणि रीत, रीत म्हणता ना, मग सगळीच काढा. आपल्यात मुलाकडचे मुलीकडच्यांना देज द्यायचे. कारण पोरगी म्हणजे कमावते हात, ते जातात म्हणून भरपाई. ज्याच्याजवळ देज नसे तो लमसेना राहायचा, सासऱ्याच्या वावरात वर्षानुवर्षं राबून बायको मिळवायचा. आता काय चालू आहे? गाडी पाहिजे, पोराला नोकरी आहे तर रोकड पाहिजे. देज गेला आणि हुंडा आला. कोणत्या भुमकाने सांगितलं? कोणत्या गाण्यात आहे? तेव्हा एकाही काकाला रीत आठवली नाही. आपल्यात न जमलं तर बाई सोडून जाऊ शकायची, दुसरं घर करू शकायची, पंच बसून देज परत करून मोकळं करायचे. आता शिकलेल्या घरांमध्ये 'लोक काय म्हणतील' सुरू झालं. जी रीत बाईला मोकळीक देत होती ती शेजाऱ्यांना लाजून सोडली, आणि जी तिला अडवते तेवढी घट्ट धरून बसलो.

म्हणजे आपलं सगळं जुनं सोनं होतं असं मी म्हणत नाही. आमच्यातले काही पोट्टे मोबाईलवर लिहितात की आदिवासींमध्ये बाई-पुरुष भेद कधी नव्हताच, सगळं बाहेरच्यांनी आणलं. हे खोटं आहे आणि आयाबहिणींना ते खोटं आहे हे माहीत आहे. बाईने औत धरू नये हे कोणी बाहेरून येऊन सांगितलं नाही. कितीतरी ठाण्यांवर बाईला जाता येत नाही. गडचिरोलीकडे माडिया-गोंड गावांमध्ये पाळी आलेल्या बाईला कुर्माघरात ठेवतात, पावसात गळणारी झोपडी, साप-विंचू, ताप आला तरी तिथेच. कोणी म्हणते त्यात बाईला कामातून विसावा मिळतो. मिळत असेल. विसावा पक्क्या घरात, खाटेवरही मिळतो.

दिवाळीत यवतमाळ, किनवट, आदिलाबादकडे दंडारी निघते. घुसाडी मोरपिसांचा टोप घालून नाचतात आणि त्यांच्यासोबत पोट्टे लुगडं नेसून पोरींचं सोंग घेतात, त्यांना पोरिकच म्हणतात. मला दंडारी फार आवडते, रात्र रात्र बसून पाहिली आहे. पण एकदा पाहता पाहता मनात आलं, पुरुषाने घेतलेलं बाईचं रूप देवासमोर चालते आणि खऱ्या बाईचं नाव तलाठ्यासमोर चालत नाही.

बाहेरच्यांचंही ऐका, नाहीतर म्हणाल मी घरच्यांनाच बोलते. त्यांना आपल्या बाया पाहिजेत त्या नाचायला. पाहुणे आले की पोरींना सारखी लुगडी नेसवून रेला करायला उभं करतात. व्हेरियर एल्विनने 1947 मध्ये मुरियांच्या घोटुलावर जाडजूड पुस्तक काढलं. त्यात त्याने माया लावून पुष्कळ लिहिलं, पण त्यानंतर आलेल्या कॅमेरेवाल्यांना घोटुलात फक्त उघडी पोरगी दिसली. दुसरीकडे 'संस्कार' शिकवणारे येतात आणि सांगतात, तुमची लग्नं अशुद्ध, सात फेरे घ्या, सामुदायिक विवाहात नाव लिहा. एकाला आपली बाई तमाशासारखी पाहिजे, दुसऱ्याला सोवळी. तिच्या वावराबद्दल दोघंही बोलत नाहीत. निदान ह्या एका बाबतीत आपण त्यांच्याहून वेगळे आहोत हे दाखवायला पाहिजे होतं.

आणखी एक भीती सभेत नेहमी निघते, ती खरी आहे. गैरआदिवासी माणूस आपल्या पोरीशी लग्न करेल आणि जमीन गिळेल. असं झालेलं आहे, मी नाकारत नाही. पण वनहक्काचा पट्टा कायद्यानेच विकता येत नाही, कोणाला देताही येत नाही, फक्त वारसाला जातो. सातबाऱ्याची आदिवासी जमीनही जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय गैरआदिवासीकडे जात नाही. गेलेल्या परत मिळाव्यात म्हणून 1974 चा कायदा करावा लागला. आता सांगा, ज्या जमिनी सावकाराकडे गेल्या, दारूच्या उधारीत गेल्या, कोऱ्या कागदावरच्या अंगठ्याने गेल्या, त्या कोणाच्या नावावर होत्या? बायकांच्या नावावर नव्हत्याच, तर बायकांनी विकल्या कशा? जमीन पुरुषांच्या हातून गेली आणि पहारा मात्र पोरींवर.

आता कायद्याचं थोडं. हिंदू वारसा कायदा 1956 चा. त्याच्या कलम 2(2) मध्ये लिहिलं आहे की तो अनुसूचित जमातींना लागू नाही. 2005 मध्ये तो सुधारला आणि पोरीला पोराइतका वाटा मिळाला. म्हणजे अल्लीपुरात माझ्या शेजारच्या कुणबी-तेल्याच्या मैत्रिणीला बापाच्या वावरात हक्क आहे, मला विचारलं तर उत्तर 'तुमची रीत काय ते सांगा'. आपल्यावर त्यांचा कायदा लादला नाही हे बरंच झालं. पण मग रीत सांगणार कोण? आतापर्यंत ती पंचांनी सांगितली आणि पंच सगळे पुरुष.

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला होता. 1996 मध्ये झारखंडकडच्या हो बायकांच्या खटल्यात न्यायालयाने रुढी रद्द करायला नकार दिला. पण जुलै 2025 मध्ये छत्तीसगडच्या एका गोंड बाईच्या वारसांचा निकाल लागला. आजोबाच्या जमिनीत आमच्या आईचा वाटा द्या, एवढीच मागणी. खालची तिन्ही न्यायालयं म्हणाली, बाईला वाटा मिळतो अशी रीत सिद्ध करा. सर्वोच्च न्यायालयाने हे उलटं केलं. बाईला वाटा मिळत नाही अशी रीत असेल तर ती सिद्ध व्हायला पाहिजे, नसेल तर बाई म्हणून तिला वगळता येणार नाही. समान वाटा दिला. ही बाई आपली सगाच आहे, गोंडच आहे. समितीतल्या काकांना हा निकाल वाचून दाखवा.

वनहक्क कायदा तर आपल्या लढ्यातून आला. 2006 च्या त्या कायद्यात कलम 4(4) आहे, विवाहित असतील तर पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावावर, आणि एकटी बाई घर चालवत असेल तर तिच्या एकटीच्या नावावर. गावसभेच्या व्याख्येतच बायकांचा पूर्ण आणि अनिर्बंध सहभाग लिहिला आहे. वनहक्क समितीत एक तृतीयांश बाया पाहिजेत. दाव्यांचा ठराव करताना हजर लोकांमध्येही एक तृतीयांश बाया पाहिजेत. आपल्याकडे काय होते? रजिस्टर घरोघरी फिरते आणि चुलीजवळ बसलेल्या बाईचा अंगठा घेतला जातो. उद्या एखाद्या साहेबाने ह्याच कारणावरून ठराव फेटाळला तर सगळ्या गावाचे दावे जातील, पुरुषांचेही. तेव्हा रीतीला दोष देऊ नका.

पुराव्याचंही असंच. नियम 13 मध्ये वडीलधाऱ्यांचं निवेदन पुरावा म्हणून धरतात, देवाची ठिकाणं, मसणवट, विहिरी धरतात, वंशावळ धरतात. कोणत्या ओढ्याजवळ कोणाची मोहाची झाडं, कोणत्या धुऱ्यावर कोणाचं लेकरू गाडलं, हे सगळ्यात जास्त कोणाला आठवते? बुढ्यांना. लग्नातल्या गाण्यांमध्ये शिवारातल्या जागांची नावं येतात, ती त्यांना तोंडपाठ आहेत. आणि समिती निवेदन घ्यायला जाते बुढ्याकडे, तो आत आवाज देऊन विचारतो, "काय वो, थो नाला कोणता होता?"

म्हणून येत्या गावसभांमध्ये आम्ही तीन गोष्टी ठेवणार आहोत. पाठवलेले सगळे अर्ज पुन्हा काढून दुसरा रकाना भरायचा, आणि पट्टा एकट्याच्या नावाने आला असेल तिथे दुरुस्तीचा ठराव करून वर उपविभागीय समितीकडे पाठवायचा. विधवा, सोडलेल्या, लग्न न केलेल्या बायांचे दावे वेगळे घ्यायचे. आणि तिसरी, ज्यावर भांडण होणार आहे ती. पट्टाधारक मेला तर पोरगा आणि पोरगी दोघंही वारस, ही आमच्या गावाची रीत आहे, असा ठराव रजिस्टरमध्ये लिहायचा. रीत गावच ठरवते ना? मग गावातल्या बाया बसलेल्या असताना ठरू द्या. कोणी कधी विचारलं 'तुमची रीत काय', तर दाखवायला कागद राहील.

सभा दुपारी ठेवू नका, बाया वावरात असतात. रात्रीच्या जेवणानंतर ठेवा, आणि त्या रात्री स्वयंपाक दुसऱ्याने करा.

आत्याचा दावा ह्या वेळी आम्ही वेगळा भरला आहे. गावातल्या दोन बुढ्या आणि एक म्हातारे भुमका यांनी निवेदन दिलं की ही जमीन तिने आणि तिच्या नवऱ्याने काढली, धुऱ्यावरचा आंबा तिनेच लावला. दीर सभेला येणार म्हणते. येऊ द्या. त्यालाही बोलू देऊ, आणि मग आत्या बोलेल. काकूनेही येतो म्हणून निरोप पाठवला आहे. काकांनी काही कळवलं नाही.

— एक कार्यकर्ती, अल्लीपूर